एप्रनचा बंद

बस पुलावर चढली तशी अल्विनानं पर्स उघडली, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केली. सेंट लुईसहून निघाल्यापासून ही सातवी वेळ. शेजारी बसलेली बर्निस मोजत होती.

"अगं, आहे काय त्या पर्समध्ये? अंडी उबवतेयस का?"

"गोळ्या आहेत. ब्लडप्रेशरच्या."

गोळ्या होत्याच, पण त्यांच्याखाली एप्रिलमधल्या वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. 'लिओरा ब्रिंकमायर, वय पासष्ट, रोझेनाऊ. मागे पती ह्यूगो.' ह्यूगो म्हणजे अल्विनाचा सख्खा भाऊ. एकोणचाळीस वर्षांत तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आज ती त्याच्याच गावात निघाली होती, चर्चमधल्या बायकांच्या सहलीत, सव्वीस जणींमधली एक होऊन. मिसूरीच्या काठावरचं हे जुनं जर्मन गाव जणू तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

जन्म तिचा तिथलाच. पण बसमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं, बर्निसलासुद्धा नाही. बर्निसला एक गोष्ट सांगितली की ती रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्या चर्चभर होते.

अल्विनाचा बेत साधा होता. दुरून बघायचं. ह्यूगो हिंडता-फिरता आहे, बायको गेल्यावर खचलेला नाही, एवढं दिसलं की पुरे. चार वाजता बस परत निघणार होती, तिच्यात बसून घरी जायचं. दार वाजवायचं नाही. कारण दार वाजवलं आणि त्यानं ते तोंडावर लावलं, तर त्रेसष्टाव्या वर्षी ते आपल्याला पेलणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आई-वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि ह्यूगो सतरा. त्यानं शाळा सोडली, गिरणीत लागला आणि तिला वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, वाकड्यातिकड्या. अशा माणसानं आपल्याला स्वतःच्या लग्नाला बोलावलं नाही, हा काटा तिनं एकोणचाळीस वर्षं मनात वागवला होता.

बस नदीकाठच्या रस्त्यावर थांबली. एक गाइड पोरगी हसत पुढे आली. तिच्या अंगावर फुग्याच्या बाह्यांचा झगा आणि वर काळी चोळी होती.

"असले कपडे घालायच्या का गं या लोकांच्या बायका?" बर्निसनं कानात विचारलं.

"असले घालून डुकरांना खायला कोण घालणार?" अल्विना बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पोरीचं नाव टॅमी. तिनं गावाची गोष्ट सुरू केली आणि गोष्ट खरीच होती, आम्हा रोझेनाऊकरांची अब्रू काढणारी असली तरी. आमच्या पूर्वजांनी फिलाडेल्फियात बसून कागदावर गाव आखलं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, जर्मनीतल्या कुठल्याही शहरापेक्षा रुंद बाजारपेठ. प्लॉट विकूनही टाकले. मग माणसं बोटीतून उतरली आणि पाहतात तो सगळ्या टेकड्या! दुसरं कुणी असतं तर कागद फेकून दिला असता. यांनी कागदाप्रमाणेच रस्ते बांधले. म्हणून आजही इथले काही रस्ते भिंतीवर चढावं तसे चढतात. नियम म्हणजे नियम, मग गुडघे गेले तरी चालतील.

टॅमी हे सांगत असताना अल्विना वर बघत होती. सातव्या रस्त्याच्या अगदी टोकाला, सगळ्यांत उंचावर, ह्यूगोचं लाल विटांचं घर. धुराड्यातून धूर निघत होता. म्हणजे घरात माणूस आहे. तिला थोडं बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर टॅमीनं सगळ्यांना जुन्या शाळेत नेलं. तिथे आता गावाचं संग्रहालय आहे. ज्या बाकावर अल्विना शिकली होती त्याला आता दोर बांधला होता आणि पाटी होती, 'कृपया बसू नये.' कोबी किसायच्या किसण्या, द्राक्षं चिरडायचं लाकडी यंत्र, कुणाकुणाचे चष्मे. बायका भराभरा पुढे सरकत होत्या. टॅमी एका काचेच्या कपाटापाशी थांबली.

"आणि ही बघा, आवतण्याची काठी."

काठी माणसाच्या खांद्याएवढी उंच होती. शेंड्यापासून मुठीपर्यंत रंगीबेरंगी फिती.

"गावात लग्न ठरलं की छापील पत्रिका नसायच्या," टॅमी सांगू लागली. "नवऱ्यामुलाचा मित्र ही काठी घेऊन दारोदार जायचा. उंबरठ्यावर ती आपटून आमंत्रणाची कविता म्हणायचा. घरातल्यांनी काठीला फीत बांधली की समजायचं, हे येणार. आणि त्याला एक ग्लास पाजायचा, तेव्हा तर फीत बांधणाऱ्यापेक्षा तोच जास्त खूश."

"किती घरं असायची?" बर्निसनं विचारलं.

"पन्नास-साठ."

"अरे देवा! मग शेवटच्या घरी तो कसा पोचायचा?"

सगळ्या हसल्या. अल्विना हसली नाही. तिची नजर काठीखालच्या कार्डावर होती. 'ह्यूगो आणि लिओरा ब्रिंकमायर यांच्या विवाहप्रसंगी वापरलेली, १९५७. आवतण्या : ऑगी टीमन. टीमन कुटुंबाकडून भेट.'

टॅमीनं सांगितलं नाही ती गोष्ट अशी. आमच्याकडे काठी दारात आल्याशिवाय लग्नाला जायचं नसे. मग ती नवऱ्यामुलाची सख्खी बहीण का असेना. आईलासुद्धा काठीनंच आवतण जायचं. आणि आवतण्या आला तेव्हा घरी कुणी नसलं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं, हा त्याच्यावरचा नियम.

त्या सप्टेंबरात अल्विना लग्न होऊन गावातच, उताराच्या खाली राहत होती, आणि दोन आठवडे ती घर सोडून हलली नाही. गावातल्या सगळ्या दारांवर काठी वाजली. शेजारच्या मेटाच्या दारावर वाजली. अल्विनाच्या दारावर नाही. फक्त एका गुरुवारी दुपारी ती दाढ काढायला बाहेरगावी गेली होती आणि नवरा कामावर होता, पण ऑगी त्या दिवशी आला असता तर शुक्रवारी पुन्हा आलाच असता, नियमच होता. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिला कारणही सापडलं. लिओराच्या हातचे डंपलिंग, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, आगबोट बुडवतील, असं ती कधीतरी दळणाच्या रांगेत म्हणाली होती. ते लिओराच्या कानावर गेलं असणार आणि लिओरानं ह्यूगोचे कान भरले असणार. लग्नाच्या दिवशी अल्विना निळा झगा घालून सकाळी दहापासून खुर्चीत बसून राहिली. चर्चची घंटा वाजली तेव्हा तिनं झगा उतरवला. विचारायला जाणं तिला जमलं नाही. पुढच्या सोमवारी गिरणीच्या दारात ह्यूगो समोर आला आणि त्यानं मान फिरवली. मग तिनंही फिरवली. वर्षाच्या आत तिचा नवरा विल्बर्ट आणि ती सेंट लुईसला निघून गेली.

"आणि ही गंमत बघा," टॅमी म्हणत होती. "सगळ्या रेशमी फिती आहेत, पण ही एक नुसती कापडाची पट्टी. बिचाऱ्या कुणा गरीब घरानं बांधली असेल."

अल्विनानं काचेला नाक लावलं.

निळ्या चौकटीचं कापड. कडेनं निळ्या दोऱ्याची टाक्यांची नक्षी, आणि पुढे वीतभर निळ्याऐवजी हिरवे टाके. निळा दोरा संपला होता. विल्बर्ट म्हणाला होता, कोण बघणार आहे पाठीमागे, घाल हिरवा.

"गरीब?" अल्विनाचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. "गरीब कुणाला म्हणतेस गं? तो माझ्या एप्रनचा बंद आहे!"

बायका वळल्या. टॅमीचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमच्या... तुम्ही इथल्या आहात?"

"माझी दाढ गेली त्या दिवशी गेला तो बंद!" अल्विना कुणाकडेही न बघता सांगत होती. "एप्रन दोरीवर वाळत होता. परत आले तर एक बंद नाही. मला वाटलं मेटाच्या बकरीनं खाल्ला. मी बकरीला झाडूनं मारलं! मेटा महिनाभर बोलली नाही माझ्याशी!"

बर्निसनं तिला धरून बाकावर बसवलं, पाटीकडे दुर्लक्ष करून. "नीट सांग बाई. बकरी कुठून आली?"

आणि अल्विनानं नीट सांगितलं, पहिल्यापासून, पंचवीस जणींसमोर. सांगता सांगताच तिला सगळं लख्ख दिसत गेलं. टोक बघा, ती म्हणाली, चाकूनं तिरकं कापलंय, बकरी काय तिरकं कापते? ऑगी त्या गुरुवारी आला होता. पन्नासावं नाहीतर साठावं घर, पोटात तेवढेच ग्लास. दार बंद. नियमाप्रमाणे उद्या पुन्हा यायला हवं, पण उद्याचं डोकं आजच दुखतंय. आणि काठीवर एक फीत कमी घेऊन नवऱ्यामुलाकडे जायचं म्हणजे लाज. समोर दोरीवर एप्रन. काढला चाकू, कापला बंद, बांधला काठीला, आणि ह्यूगोला जाऊन सांगितलं की तुझी बहीण येते आहे.

"म्हणजे तुला बोलावलं होतं," बर्निस हळूच म्हणाली.

"मला बोलावलं होतं," अल्विना म्हणाली, आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. ती रडली, पण ते रडणं पाठीवरचं ओझं खाली टाकल्यावर माणूस हुश्श करतो तसं होतं. ह्यूगोला ती नको नव्हती. कधीच नको नव्हती. त्यानं काठी पाठवली होती.

मग तिच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली आणि ती ताडकन उठली. ह्यूगोला कळवलं होतं की बहीण येते आहे. आणि बहीण आली नाही.

"किती वाजले?"

"तीनला पाच कमी. अगं, जातेस कुठे?"

"वर."

"त्या रस्त्यावर? तुझं ब्लडप्रेशर?"

"गोळ्या आहेत!"

"जा," बर्निस म्हणाली. "ड्रायव्हरला मी बघते. चार वाजता तो निघाला तर माझ्या अंगावरून निघेल."

सातवा रस्ता चढायला अल्विनाला पंचवीस मिनिटं लागली. लहानपणी ती चार मिनिटांत चढायची. दर तिसऱ्या घरापाशी थांबून तिनं पूर्वजांना मनापासून शिव्या दिल्या. भीती अजून होतीच. खरं काय ते तिला कळलं होतं, पण त्याला कुठे कळलं होतं? एकोणचाळीस वर्षांचा राग माणसाच्या अंगवळणी पडतो, तो सहजासहजी उतरत नाही.

लाल घराच्या ओट्यावर एक म्हातारा कोबी किसत बसला होता. मांडीवर लांब किसणी, पायाशी दगडी बरणी. गळ्यात एप्रन अडकवलेला होता आणि त्याचे बंद दोन्ही बाजूंनी तसेच लोंबत होते. खाली कुणीतरी धापा टाकतंय हे त्याला ऐकू आलं, पण त्यानं मान वर केली नाही.

"संग्रहालय खाली आहे. आणि संडासही खालीच आहे."

"मला दोन्ही नकोत," अल्विना म्हणाली.

किसणीवरचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"अल्वी?"

विल्बर्ट गेल्यापासून तिला कुणी अल्वी म्हटलं नव्हतं.

"लिओरा गेली," तो म्हणाला.

"पेपरात वाचलं."

"वाचलंस आणि आता येतेयस? ऑक्टोबरात?" त्याचा आवाज चढला. "नाही, तुझी सवयच ती. बोलावलं तेव्हा यायचं नाही. दोन खुर्च्या ठेवल्या होत्या तुमच्यासाठी, माझ्या उजव्या हाताला. आई-बापाच्या जागी तू आणि विल्बर्ट, असं म्हटलं होतं मी पाद्रीबाबांना. सगळं जेवण होईपर्यंत त्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावानं पाहिलं."

"ह्यूगो, ऐक..."

"आणि नसतं यायचं तर नको येऊस! पण काठीला काय बांधलंस? अख्ख्या गावानं रेशमी फिती बांधल्या आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं एप्रनचा बंद! लिओरानं मला विचारलं, तुझी बहीण मला मोलकरीण समजते का? काय उत्तर देऊ मी तिला?"

अल्विनाला हसू फुटलं. तिला ते नको होतं, वेळ हसायची नव्हती, पण आवरेना. ती पायरीवर बसली आणि डोळे पुसत हसत राहिली.

"हसतेस?"

"अरे, तो मी नाही बांधला. मी दाढ काढायला गेले होते. तो ऑगीनं कापला, माझ्या दोरीवरचा!"

तिनं सांगितलं. दाढ, दोरी, बकरी, तिरका काप. दोन आठवडे वाट पाहिली ते सांगितलं आणि निळा झगा सांगितला. ह्यूगो ऐकत होता. आधी त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, मग आठ्या गेल्या आणि चेहरा नुसताच रिकामा झाला.

"ऑगी," तो शेवटी म्हणाला.

"ऑगी."

"दर बुधवारी पत्ते खेळायला यायचा तो इथे. बत्तीस वर्षं, मरेपर्यंत. आणि दर बुधवारी हरायचा." तो थांबला. "सगळं गाव त्याला घाबरायचं पत्त्यांत. फक्त माझ्याशी हरायचा. मला वाटायचं, मी हुशार आहे."

आता दोघंही हसले. ह्यूगो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि अल्विनानं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. पाठ हाडकुळी झाली होती. हसणं ओसरलं. खाली नदी दिसत होती, तिच्या काठाला उभी असलेली बस दिसत होती.

"लिओराला हे कळायला हवं होतं," ह्यूगो म्हणाला.

"हो रे," अल्विना म्हणाली. "मी यायला हवं होतं विचारायला. पायी चार मिनिटांचा रस्ता होता."

"मीही यायला हवं होतं. उतारावर तीनच मिनिटं." त्यानं नाक पुसलं. "आणि ते डंपलिंगचं? ते म्हणाली होतीस?"

"ते म्हणाले होते."

"दगड असायचे नुसते," तो हळूच म्हणाला, आतल्या घराकडे एकदा बघून, जणू कुणी ऐकेल. "एकोणचाळीस वर्षं खाल्ले. आता कुणी करून दिले तर रडत रडत खाईन."

खालून बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. त्याच्या पाठोपाठ कुणीतरी बाई ड्रायव्हरवर ओरडतेय असं वाटलं. ती बर्निसच असणार.

"चार वाजले," ह्यूगो म्हणाला. तो किसणीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. "जायचं असेल ना तुला."

"उद्याही गाडी असते का रे स्टेशनात?"

"असते. सकाळीही असते, संध्याकाळीही असते." तो घाईनं म्हणाला. "परवाही असते."

अल्विना कठड्यापाशी गेली आणि तिनं दोन्ही हात वर करून खाली खूण केली, जा, जा. बऱ्याच वेळानं बस हलली. खिडकीतून एक पांढरा रुमाल बाहेर हलत होता. रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळणार होतं. कळू दे, तिला वाटलं.

ती वळली तेव्हा ह्यूगो उठून उभा होता. त्यानं दोन्ही हातांची बोटं तिला दाखवली. सांधे सुजून वाकडे झाले होते.

"पाठीमागे गाठ मारता येत नाही आता. लिओरा मारून द्यायची. एप्रिलपासून तसंच लोंबतंय."

तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. अल्विनानं दोन्ही बंद हातात घेतले.

"नीट बांध हां," तो म्हणाला. "या वेळी तुझ्या स्वतःच्या हातानं."